जे पडेल ते घरी राहील

तळ

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची तर मला आधी उपडं करा. संकोच नको, मला सवय आहे. तळाला जिथे रंग उडालेला दिसतो, तिथे एकेकाळी एका व्यापाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. त्याच्या शेजारी एक चीर आहे. बाकी सगळी भोकं. भाजीबाजारात टोमॅटो भरून येतात ना, तसलं निळं प्लॅस्टिकचं कॅरेट म्हणजे मी. वय विचाराल तर निळ्याचा आता राखाडी झालो आहे, एवढंच सांगतो.

माझ्या अंगात प्लॅस्टिक कमी आणि भोकं जास्त. त्यामुळे माझी गोष्टही सलग निघायची नाही. मध्ये भोक येईल. आलं की तसं सांगेन.

माझा जन्म साच्यात झाला. आधी मी गरम आणि पातळ होतो. साचा मिटला, उघडला आणि मी मी झालो. माझ्या मागेपुढे माझीच भावंडं बाहेर पडत होती, सगळी एकसारखी. पुढे आम्ही जुन्नरकडच्या शेतांत गेलो. तिथे बायका टोमॅटो तोडून आमच्यात भरत आणि आम्ही वाशीच्या एपीएमसी मार्केटात उतरत असू. दिवस कष्टाचे होते, पण मानाचे होते. व्यापारी माझ्यात हात घालून अगदी तळाचा टोमॅटो वर काढून बघे आणि तो शाबूत निघाला की मान हलवे. ती मान टोमॅटोसाठी हलायची. थोडी मी माझ्यासाठीही धरत असे.

एकदा ट्रकवरून पडलो आणि तळाला चीर गेली. चिरलेलं कॅरेट थप्पीत खाली चालत नाही, वरचा भार पेलत नाही. मला बाजूला टाकलं. तिथून भागीरथीने उचललं. ती कामोठ्याला एका सोसायटीच्या गेटाबाहेर भाजी विकते. उरलेले टोमॅटो तिने माझ्यासकट नेले आणि मला परत करायला ती विसरली. विसरले असं ती म्हणते.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी तिचं आसन होतो. माझं तोंड जमिनीकडे, पाठीवर दुमडलेलं पोतं, पोत्यावर भागीरथी. जग मला भोकांतून दिसे: चपला, पिशव्यांची बुडं, कोथिंबिरीच्या काड्या. कुणी माझं कौतुक केलं नाही आणि कुणी मला लाथही मारली नाही.

भिंती

भागीरथीची मुलगी मनस्वी उरणला कंटेनर ठेवायच्या एका गोदामात, ऑफिसात कामाला आहे. तिथेच काम करणारी आफरीन तिची मैत्रीण. आफरीनच्या घरचे लोक किनाऱ्यावरचे, मासळी खाणारे आणि मासळीवर तासन्‌तास बोलणारे. या दोघींनी मिळून बंद पडलेल्या एका रिसॉर्टमधून दोन जुन्या कयाक आणल्या. कयाक म्हणजे लांबट, अरुंद, एका माणसाची होडी. पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने पाणी मारायचं. सामान ठेवायला पाठीमागे एक खळगा असतो, बस. दर रविवारी दोघी खाडीत जायच्या आणि गळाने मासे धरायच्या.

खरा प्रश्न त्या खळग्याचा होता. गळाच्या काठ्या, गळांची डबी, शिशाची वजनं, पक्कड, सुरी, पाणी, पोळीभाजी, नांगर आणि मिळालाच तर मासा, हे सगळं तिथे मावायला हवं, हाताला लागायला हवं आणि पडायला नको. त्यांनी आधी थर्माकोलचा खोका नेला. तो अर्ध्या वाटेत फुटला आणि त्याचे दाणे वेचता वेचता त्यांची भरती निघून गेली. मग झाकणाची बादली नेली. ती गडगडायची. पिशवीत पाणी साचून राहायचं. आफरीनने मोबाइलवर एक तयार खोका दाखवला. दिसायला देखणा होता, पण खळग्यात बसणारा नव्हता.

एका संध्याकाळी मनस्वी आईच्या भाजीच्या गाडीपाशी येऊन उभी राहिली आणि वाकून बघू लागली.

"आई, ऊठ जरा."

"कशाला?"

"मोजायचंय."

"मना मोजतेस?"

"तुला नाही. तू बसलीयेस ते."

भेंडी निवडणाऱ्या बाई हसल्या. भागीरथी उठली नाही. मनस्वीने ती बसलेली असतानाच मला वितीने मोजलं. लांबीला बरोबर, रुंदीला बोटभर सैल. पाणी आलं तरी भोकांतून निघून जाणार. बांधायला जागा म्हणाल तर माझं सगळं अंगच बांधायची जागा.

"आणि मी कुठे बसू?" भागीरथी म्हणाली. "मेथीच्या जुडीवर?"

"फक्त रविवारी नेते ना. रविवारी तू स्टूल घे."

"रविवारीच तर गिऱ्हाईक असतं गो बाय."

शेवटी तिने मला दिलं, पण पोतं दिलं नाही.

मग माझं बांधकाम सुरू झालं. प्लंबरकडे उरलेल्या पाइपाचे तुकडे माझ्या मागच्या भिंतीला उभे बांधले, गळाच्या काठ्या खोचायला. केबल बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या माझ्या भोकांतून आत-बाहेर गेल्या. आतल्या बाजूने फोमचे तुकडे बसले, म्हणजे मी पाण्यात पडलोच तर तरंगावं. तळाला रबराची चटई, चिरेवर. झाकणाला पत्रा नको होता, गंजतो. आफरीनने बिल्डिंगच्या लॉबीतून एक जुनी जाड प्लॅस्टिकची पाटी आणली. तिच्यावर लिहिलं होतं, 'लिफ्ट बंद आहे'.

"उलटी लाव," मनस्वी म्हणाली.

"राहू दे ना. माशांना कळू दे."

मित्रांनो, मला ते झाकण फार आवडलं. इतकी वर्षं माझ्यावर लोक बसले होते, पण माझ्यावर काही लिहिलेलं असावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

उपडं

आता मनस्वीच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. त्यांचं नाव वामन. खाडीकडच्या जुन्या गावातले. त्यांची स्वतःची होडी होती. खांदा आखडला, मासळी कमी झाली, होडी गेली. जुन्या घराच्या जागी आता तीन मजले आहेत, खालच्या खोल्या भाड्याने दिलेल्या. खाडी घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, पण वामन तिकडे फिरकत नसत. भाडेकरूंच्या नळांची तक्रार ऐकणं आणि टीव्ही बघणं, हा त्यांचा दिवस.

मनस्वीला खाडीच्या तोंडाशी जायचं होतं. तिथून उरणकडचं मोठं पाणी सुरू होतं आणि तिथे जिताडा, खाडीतला सगळ्यात मानाचा मासा, गळाला लागतो. आतल्या खाडीत तिला शिंगाळ्याच, म्हणजे मिशावाले साधे मासे, मिळत होत्या. वामन आतपर्यंत जाऊ देत. तोंडाशी नाही. ती मोठी होती, कमावती होती, न विचारता जाऊ शकली असती. पण तिला तसं जायचं नव्हतं. बापाने होडी विकल्यापासून पाण्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि त्यांच्या तोंडून 'जा' ऐकल्याशिवाय तिला ते पाणी आपलं वाटणार नव्हतं. असं ती आफरीनला म्हणाली होती, माझ्या देखत.

मी तयार झालो तेव्हा तिने मला दारात आणून ठेवलं. वामननी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सामान भर सगलं. जसं नेतेस तसं."

तिने भरलं. झाकण लावलं. वामननी मला दोन्ही हातांनी उचललं, उंबऱ्यावर उपडं केलं आणि गदागदा हलवलं.

झाकण उघडलं. गळांची डबी पडली. पक्कड पडली. शिशाचे मणी पायरीवरून टणटणत खाली गेले, एक भाडेकरूच्या दारापर्यंत गेला. पाण्याची बाटली, डबा, सुरी.

"जे पडेल ते घरी राहील," वामन म्हणाले. "माझा बाप माझी होडीतल्या सामानाची पाटी अशीच उपडी करायचा. होडी लाटेनं नाय उलटत. सुटं सामान एका बाजूला धावतं, त्यानं उलटते."

"म्हणजे काही पडलं नाही तर जाऊ?"

वामन वळून आत गेले. पण नाही म्हणाले नाहीत.

पुढचा आठवडा मनस्वी ऑफिसातून आली की माझ्याशी झटत होती. डबीला दोरी, पकडीला दोरी, बाटलीला कप्पा, झाकणाला कडी. रोज उपडं, रोज हलवणं. रोज पडणाऱ्या वस्तू कमी होत गेल्या. शेवटी एकटी सुरीच राहिली. ती कशीही बांधली तरी म्यानासकट घसरून यायची. तेव्हा वामन खाली बसले आणि त्यांनी स्वतः ती माझ्या आतल्या कोपऱ्याला बांधली, जाळं विणताना मारायची ती गाठ मारून, एकीवर दुसरी. त्यांची बोटं खांद्यासारखी आखडली नव्हती.

मग उपडं केलं. काहीही पडलं नाही. पुन्हा हलवलं. नाही.

"नांगराची दोरी कुठे बांधू, बाबा? पुढच्या टोकाला कडी आहे, पण बसल्या जागेवरून हात पोचत नाही."

वामननी मला धरून हिसका दिला. मी तसूभर हललो नाही. दोन जाड रबरं, चार हुक, खळग्यात मी गच्च बसलो होतो.

"यालाच बांध," ते म्हणाले. "सगल्यात घट्ट हेच हाय."

आणि मग, टीव्हीकडे जाता जाता, "जा."

मित्रांनो, त्या रविवारी माझ्याएवढा ताठ कुणी नव्हता.

भोक

खाडीचं तोंड रुंद होतं. पाणी चढत होतं. मनस्वीने जाळी बांधायच्या जुन्या खुंटांजवळ नांगर टाकला. दोरी माझ्या डाव्या कानाला, म्हणजे उचलायच्या मुठीला, बांधलेली. आफरीन थोडी दूर होती. जिताडा खुंटांच्या सावलीला असतो, असं बापाने कधीतरी, फार पूर्वी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं.

आधी काही झालं नाही. काठीचं टोक दोनदा लवलं. मग पाणी आणखी चढलं आणि दोरी ताणली. नांगर खाली कशात तरी अडकला होता. दोरी माझ्या डाव्या बाजूने खाली जात होती, म्हणून कयाक डावीकडे कलू लागली. मी घट्ट होतो. मी सुटत नव्हतो. तेच तर मला शिकवलं होतं.

"मनू, दोरी सोड," आफरीन ओरडली.

मनस्वीने मागे वळून हात घातला. माझी गाठ भिजून आवळली होती. ती सुटेना. तिने झाकणाची कडी काढली, हात आत घातला, सुरी सापडली. ओढली. ती आली नाही. बापाची गाठ होती.

कयाकची डावी कड पाण्याखाली गेली.

इथे भोक आहे. उलटं झाल्यावर मला फक्त गढूळ दिसलं. पुढचं मला भागीरथीने सांगितलं. म्हणजे ती गिऱ्हाइकांना सांगत असते, माझ्यावर बसून. मनस्वी लाइफ जॅकेटवर तरंगत उलट्या कयाकला धरून होती. दोरी कयाकला तिथेच रोखून धरत होती आणि पाणी तिला आणि कयाकला ओढत होतं. तिने कयाकखाली हात घालून चाचपून एक हुक काढला. मग दुसरा. तिसरा काढताच मी सुटलो आणि कयाक मोकळी झाली.

फोम होता तरी मी बुडालो. शिसं होतं, पक्कड होती, नांगर होता. आणि त्यातली एकही वस्तू मला सोडून गेली नाही.

चिखल

घरी काय झालं तेही ऐकीव. मनस्वी ओली, शेवाळ लागलेली, दारात उभी राहिली. भागीरथीने तिच्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला आणि मग शिव्या द्यायला सुरुवात केली. वामन खुर्चीतून उठले नाहीत.

"ती होडी इकून टाक," ते म्हणाले.

"विकते," मनस्वी म्हणाली. "पण तुमी पास केलं होतं, बाबा. काहीच पडलं नव्हतं."

"मंग?"

"मंग काही नाही. सुरी निघाली नाही."

वामननी टीव्ही बंद केला. भागीरथी सांगते की सासू-सुनांची मालिका चालू असताना त्यांनी टीव्ही बंद केलेला तिने आजवर पाहिला नव्हता.

ओहोटी लागली तेव्हा ते मला शोधायला निघाले. चपला दारातच ठेवल्या. मागोमाग मनस्वी. बांधावर भाडेकरूंची मुलं खेळत होती, ती बघत राहिली. वामनकाका चिखलात उतरताना त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. खाडीतून होडीने दूर वाटणारं ते तोंड ओहोटीला काठाकाठाने चालत गाठता येतं, पण चिखलात कुठे पाय ठेवायचा हे माहीत असेल तरच. वामन थांबत, पायाने अंदाज घेत, पुढे जात. मनस्वी त्यांच्या पावलांत पाऊल टाकत होती. एकदा तिचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला.

"टाच नको टेकू. बोटं पसर."

"हे आधी कधी सांगितलं नाहीत."

"तू कदी चालली होतीस माझ्यासंगती?"

"तुमी कधी नेलं?"



मी खुंटांपाशी कुशीवर पडलो होतो. माझ्या भोकांतून चिखल आत आला होता आणि एक लहानसा खेकडा झाकणाखाली येऊन बसला होता. नांगर एका जुन्या, चिखलात पुरल्या गेलेल्या जाळ्यात अडकला होता. कुणाचं जाळं होतं ते कळायला मार्ग नव्हता. वामननी ते बोटांनी चाचपून पाहिलं. त्यांनी मला वर काढलं, आणि काय करावं ते न सुचून असेल किंवा हाताची सवय असेल, त्यांनी मला उपडं केलं आणि हलवलं.

चिखल पडला. खेकडा पडला आणि तिरका पळाला. सामानातलं काहीच पडलं नाही.

पुन्हा हलवलं. काहीच नाही.

मग त्यांनी मला सरळ केलं, आत हात घातला आणि सुरीची गाठ सोडवू लागले. सुटेना. नख घातलं. सुटेना. वाकून दात लावले. खारं पाणी पिऊन ती गाठ दगड झाली होती. ते बराच वेळ तिच्याशी झगडत होते, आणि मनस्वी शेजारी उभी राहून बघत होती.

"मला पण नाही सुटली," ती हळूच म्हणाली.

वामन थांबले.

"सुरी पाटीत ठेवायचीच नसते," ते म्हणाले.

"मग तुमच्या होडीत कुठे असायची?"

"बसायच्या फळीत. खोचलेली. मांडीला लागून."

"मग ते का नाही सांगितलं?"

"ते काय सांगायचं असतं? ती तितंच असायची." ते माझ्याकडे बघत म्हणाले. "माझा बाप पाटी उपडी करायचा ना, तवा सुरी पाटीत नसायचीच. मी पाटीच लक्षात ठेवली."

मित्रांनो, चाळीस वर्षं ज्या माणसाच्या मांडीला लागून सुरी होती, त्याला ती सामान वाटतच नव्हती. आणि मला मजबूत असण्याचा इतका अभिमान होता की सोडून देणं हेही एखाद्या कॅरेटचं काम असू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

घरी येताना मला वामननीच उचललं. आखडलेल्या खांद्यावर नाही, दुसऱ्या.

झाकण

मला अंगणातल्या नळावर धुतलं. आधी भोकं, मग कोपरे, मग चिरेतला चिखल काडीने. गाठ शेवटी कापावी लागली. ती कापताना वामननी मनस्वीकडे पाहिलं नाही.

कयाक विकायचा विषय कुणी काढला नाही. वामन मात्र रोज संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसू लागले. एक दिवस ते कयाकमध्येच जाऊन बसले, अंगणात, कोरड्या जमिनीवर, पाय पुढे पसरून, आणि हात मागे-पुढे करून कुठे काय पोचतं ते बघत राहिले. खालचे भाडेकरू पाणी येत नाही म्हणून सांगायला आले आणि तसेच परत गेले. आफरीनने त्यांचा फोटो काढला.

"काका, वल्हं देऊ?"

"गप. हात मोजतोय."

सुरी आता मनस्वीच्या लाइफ जॅकेटच्या छातीवर असते, मूठ खाली, एका ओढीत येणारी. नांगर मला बांधत नाहीत. त्याची दोरी आता पुढच्या टोकाच्या कडीतून येऊन मनस्वीच्या हाताशी थांबते, साध्या फासात, ओढला की सुटणाऱ्या. दोरीच्या शेवटाला रिकामी बाटली बांधली आहे, म्हणजे दोरी सोडून दिली तरी नंतर सापडावी. नांगर, दोरी आणि बाटली नेताना माझ्यात ठेवतात. वर नुसती ठेवतात. बांधत नाहीत.

पुढच्या मोठ्या भरतीच्या रविवारी वामन उंबऱ्यावर उभे राहिले. "भर," म्हणाले. मनस्वीने भरलं. त्यांनी मला उचललं, उपडं केलं आणि हलवलं.

नांगर धाडकन खाली पडला. मागोमाग दोरी, मागोमाग बाटली. बाकी सगळं जागच्या जागी राहिलं.

मनस्वी बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. आफरीन फाटकाशी थांबली होती. भागीरथी स्टुलावर बसून म्हणाली, "पडलं ना. मंग आता?"

"पडायलाच पायजे ते," वामन म्हणाले. त्यांनी नांगर उचलून परत माझ्यात ठेवला आणि मला मनस्वीच्या हातात दिलं. "जा. मी बांधावर हाय."

जिताडा त्या दिवशी मिळाला नाही. दोन शिंगाळ्या मिळाल्या. पण परत येताना बांधावर एक माणूस उभा होता, अनवाणी.

मित्रांनो, आठवड्याचे सहा दिवस मी पुन्हा कामोठ्याच्या गेटाबाहेर असतो, पोत्याखाली, भागीरथीखाली. कधी तिथे आलात तर भाजी घ्या आणि मलाही बघा. तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं जुनं कॅरेट अडगळीत पडलेलं असेल. त्याला फेकू नका. खारं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्याने धुवा, उन्हात फार ठेवू नका, चिरा बघत जा. त्यात जे भराल ते नीट बांधा. आणि निघण्याआधी एकदा उंबऱ्यावर उपडं करून हलवा. काहीच पडलं नाही, तर अजून निघू नका.